चव विचारली तर

हडपसर,
११ जानेवारी २००४

शहेजाद यास समाधानचा जयभीम.

तुझं पत्र आणि तुझ्या विमानतळावरच्या दुकानातल्या बाटल्यांचे फोटो मिळाले. ईमेलचा पत्ता काढ म्हणून परत मागे लागू नकोस. इंटरनेट कॅफेत मराठी उमटत नाही, आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की मला स्वतःचंच नाव परक्याचं वाटतं. शिवाय तू ‘मस्कतला खुप ऊन आहे’ असं लिहितोस ते मला पेनाने सुधारायला आवडतं. ‘खूप’मधला खू दीर्घ. दहावीपर्यंत एका बाकावर बसूनही तुला हे शिकवता आलं नाही, तिथे मी बारावीच्या इंग्रजीत नापास झालो यात नवल नाही.

आता कामाचं. मगरपट्ट्यात ऑफिसं सुरू झाल्यापासून आमच्या वाइन शॉपचं गिऱ्हाईक बदललं आहे. बद्रीनाथशेठनी इंपोर्टेडसाठी काचेचा वेगळा कप्पा केला आणि तो माझ्याकडे दिला. पुसणं, मांडणं, दर लिहिणं सगळं माझं. शेठच्या दरपत्रकात एक चूक होती. आयरिश असेल तर व्हिस्कीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये वायच्या आधी ई येतो, स्कॉचला येत नाही. शेठनी दोन्हीकडे गाळला होता. मी दाखवला तर म्हणाले, “एक अक्षर वाढवल्यावर दर वाढतो का? मग राहू दे.” मी घातलाच.

आयरिशमध्ये तू जेमसनच्या बाजूचा आहेस, मला माहीत आहे. पण हिरव्या काचेतून आतला रंग कळत नाही, मला ती लपवाछपवी वाटते. बुशमिल्सची बाटली बघ. चौकोनी, कप्प्यात इंचभरही जागा वाया जात नाही, आणि दिव्यासमोर धरली की सगळं स्वच्छ दिसतं. आमच्याकडे जेमसन एकवीसशेला आहे. सौरभ नावाचा एक इंजिनिअर येतो, कंपनीने त्याला सहा महिने डब्लिनला पाठवलं होतं. तो म्हणतो, एवढ्यात तिकडे दोन येतात. तुमचा भाव कळव.

जेमसनच्या लेबलावर ‘सिने मेटू’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजी नाहीत. कुणाला तरी विचार.

परवा तुझ्या अम्मींकडे जाऊन आलो. खिचडा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. त्या म्हणाल्या, “एक पोरगं तिकडं दारू विकतंय, एक इकडं विकतंय, आणि दोघांनी थेंब चाखला नाही. तुमच्यासारखी येडी कुठं मिळायची नाहीत.” भावाची ही तारीफ ऐकून अलफिया हसत होती. आईचंही तेच. पंचशीलातलं पाचवं, दारू-नशेपासून दूर राहण्याचं शील तिने मला बोलता येण्याआधी शिकवलं. ती म्हणते, विकणंसुद्धा बरं नाही, पण दुसरी नोकरी मिळेपर्यंत ठीक आहे.

तुझा
समाधान


मस्कत,
२ फेब्रुवारी २००४

गुरुजींना शहेजादचा सलाम.

यावेळी प्रत्येक शब्द दोनदा बघितलाय. तरी चुका सापडल्या तर तुझं नशीब.

सिने मेटू म्हणजे लॅटिनमध्ये ‘न भिता’. एका वैमानिकाने सांगितलं. तुझ्यासाठीच छापलंय बघ ते. रस्ता ओलांडताना तू अजून माझी बाही धरतोस.

बुशमिल्सबद्दल तुझं मत गोडाऊनवाल्याचं आहे. बाटली काय कप्प्यात बसवायची असते? हिरवी बाटली माणूस लांबून ओळखतो. विमान सुटायला वीस मिनिटं असतात, तेव्हा तो रंग बघतो आणि उचलतो. आमच्याकडे लिटरची बाटली तुझ्या रुपयांत साधारण हजाराला पडते. कर नाही. तुमच्या शेठला सांगू नकोस, छातीत कळ यायची.

आता खरी बातमी. आमच्या काउंटरला आणखी एक माणूस हवाय. मॅनेजरने मला विचारलं, तुझ्या ओळखीत कुणी बाटल्यांची माहिती असलेला, हाताचा सावध माणूस आहे का. मी तुझं नाव दिलं. जूनमध्ये कंपनीच्या मॅडम पुण्यात मुलाखती घ्यायला येणार आहेत. बारावी नापास चालतं, मी कोण होतो? खोली माझ्याबरोबर, जेवण कंपनीचं. दोन वर्षांत तुझ्या आईला, हिरामावशीला, शाळेतलं शिपायाचं काम सोडता येईल. पासपोर्टला आजच अर्ज कर.

फक्त एक विचार करून ठेव. मॅडमनी चव विचारली तर काय सांगशील? काचेसारखी लागते?

शहेजाद


हडपसर,
२० फेब्रुवारी २००४

शहेजाद,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि हातातली बाटली आधी खाली ठेवली. पासपोर्टचा अर्ज भरला. आईला सांगितलं. तिने लगेच माझ्या दोन पँटी इस्त्रीला टाकल्या. संध्याकाळी शेजारच्या बाईला सांगताना ऐकलं, “आमचा समाधान मस्कतला चाललाय,” जणू मी स्टेशनवर उभा आहे. मला भीती वाटते. तिने एवढ्यात कुणाला सांगायला नको होतं.

तुझ्या प्रश्नाने झोप उडवली आहे. मला गावाचं नाव, काचेचा रंग, किती वर्षं मुरवली, लाकूड कुठलं हे सगळं येतं. चव येत नाही. गिऱ्हाईकाने विचारलं तर मी आतापर्यंत ‘मऊ आहे’ असं सांगत आलो. मऊ म्हणजे काय हे मला माहीत नाही. सौरभला विचारलं तर तो म्हणाला, “हे सांगून कळत नाही रे. दर शनिवारी माझ्या फ्लॅटवर आम्ही चार-पाच जण बसतो, सगळे आयरिशवाले. तू येऊन लेबलांची माहिती दे, आम्ही तुला चव देतो.” मी नाही म्हणालो.

चवीचं उत्तर पाठ करून चालेल का? की ते ओळखतात? लवकर लिही.

समाधान


मस्कत,
१५ मार्च २००४

समाधान,

घाईत लिहितोय, दोन माणसं रजेवर आहेत. चवीची एवढी काळजी कशाला? मी पुठ्ठ्याच्या डब्यावर छापलेलं वाचतो आणि सांगतो. मध, व्हॅनिला, भाजलेलं लाकूड. पाठ कर.

मॅडम ‘पितोस का’ असंही विचारतील, सगळ्यांना विचारतात. घाबरून अडखळू नकोस. खरं ते सांग.

शहेजाद


हडपसर,
९ एप्रिल २००४

शहेजाद यास जयभीम.

पासपोर्ट आला. नाव बरोबर आहे, वडिलांच्या नावात, सुखदेवच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये, ई गाळला आहे. दुरुस्तीला टाकला.

तू म्हणतोस तसं मी पाठ करून पाहिलं. पण ज्यातला मध मला माहीत नाही त्याला मध म्हणायचं म्हणजे कॉपी करून पास होण्यासारखं आहे. ते मला जमत नाही. तेव्हा सौरभकडून सगळं नीट समजून घेतलं.

सौरभ म्हणतो, बुशमिल्स जिभेवर आधी काहीच सांगत नाही. गिळल्यावर मागून येते, ओल्या गवतासारखी, आणि मग छातीत एक जागा गरम होते, साधारण बरगड्या मिळतात तिथे. जेमसन सौरभच्या मते आधी गोड लागते, नंतर तोंड कोरडं पडतं, म्हणून दुसरा घोट लवकर घ्यावासा वाटतो. पाणी घातलं तर वास उघडतो. बर्फ घातला तर मिटतो. सौरभ म्हणतो, दुसऱ्या ग्लासानंतर हातांचा कंप जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलता येतं.

जेमसनबद्दल मी माझं मत मागे घेतो. आणि पाऊण लिटरपेक्षा लिटरची बाटली परवडते. दर घोटाला हिशेब केला तर बराच फरक पडतो.

मुलाखतीसाठी दुकानात मी आता गिऱ्हाईकांवर सराव करतो. शेठ म्हणाले, “काय रे, तुला कंठ फुटला की.”

समाधान


हडपसर,
६ मे २००४

शहेजाद,

तुझं उत्तर आलं नाही तरी लिहितो.

परवा बुद्धपौर्णिमा झाली. मस्कतला जाणार म्हणून विहारात आईने मला पुढे उभं केलं. मी पंचशील सांगायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं. चार शीलं नीट झाली. पाचव्याला माझा घसा बसला. मग आईने मागून ते एकटीने पूर्ण केलं.

मुलाखत बारा जूनला आहे.

समाधान


मस्कत,
२० मे २००४

समाधान,

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. घशाला कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कर. मुलाखतीच्या दिवशी आवाज बसला तर मी काय मॅनेजरला तोंड दाखवू? उन्हाळ्यात उसाचा रस पिऊ नकोस.

चवीचं तू लिहिलंस ते मी इथे एका जर्मन गिऱ्हाईकाला जसंच्या तसं ऐकवलं. ‘बरगड्या मिळतात तिथे.’ तो दोन बाटल्या घेऊन गेला. तुझ्या त्या सौरभला नोकरीवर ठेवायला पाहिजे.

अम्मी फोनवर तक्रार करत होती. म्हणाली, “समाधान दारातनंच परत जातो. बस म्हटलं तर लांब उभा राहून सामानाची पिशवी पुढं करतो.” माझ्या घरात तुला कुणी काही बोललं का? की अलफियाचं लग्न ठरलंय म्हणून वधूपक्षाचा मान देतोयस? आत जाऊन बस, नाहीतर मला दर फोनला ऐकावं लागतं.

बाराला निर्धास्त जा. पुन्हा सांगतो, जे विचारतील त्याचं खरं ते सांग. तुझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?

शहेजाद


हडपसर,
१४ जून २००४

शहेजाद,

मुलाखत झाली. जशी झाली तशी लिहितो.

स्टेशनजवळच्या हॉटेलात खोली होती. मॅडम वयाने आईएवढ्या, बोलायला चांगल्या. मला बसायला सांगून पाणि दिलं. खोकं फुटून आलं तर काय करशील, एकाच वेळी तीन गिऱ्हाईकं आली तर आधी कोणाकडे बघशील, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी पाच बाटल्यांची नावं इंग्रजीत लिहायला दिली. मी लिहिली, आयरिशला ई घातला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “हे आमच्या मॅनेजरलाही येत नाही.” शहेजाद, तेव्हा मला वाटलं झालं काम. चव त्यांनी विचारलीच नाही.

शेवटी फाइल मिटता मिटता त्यांनी हिंदीत विचारलं, “पीते हो?”

मी हो म्हटलं.

त्यांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. परत विचारलं. मी म्हटलं, “हां मॅडम, फेब्रुवारीसे. पहले नहीं पीता था. चव समझने के लिए शुरू किया.” चव शब्द हिंदीत आठवला नाही. त्यांनी फाइल बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “बेटा, सच बोला, अच्छा किया. पर उस काउंटर पर हम पीनेवाला नहीं रखते. इसीलिए तो शहेजाद को रखा है.”

तुला हे माहीत होतं का?

सौरभने काहीच सांगितलेलं नव्हतं. सगळं मीच चाखलेलं होतं. तुझं मार्चचं पत्र येण्याआधीच मी पहिल्या शनिवारी गेलो होतो. वही घेऊन गेलो होतो. चार शनिवारांत संपेल असं ठरवलं होतं, एका शनिवारी एक बाटली. पहिल्याच रात्री घरी चालत येताना मला कशाचीच भीती वाटली नाही. गाडीतळाचा चौक मी सरळ ओलांडला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. ते तुला कसं सांगू ते मला कळत नाही.

शनिवार मग बुधवारीही येऊ लागला. मुलाखतीला जाण्याआधी मी घेतली नव्हती. म्हणून हात कापत होते. कदाचित त्यांना दिसलं असेल.

आईला सांगितलं, जागा भरली. ती म्हणाली, “पुढच्या वर्षी.”

समाधान


मस्कत,
३० जून २००४

समाधान,

हे पत्र तीनदा फाडलं.

हो, मला माहीत होतं. इथे आल्या दिवशी सांगतात, न पिणारा हवा, पिणारा असला की माल घटतो. मी तुला लिहिलं नाही. सांगायची गरजच काय होती? उद्या मी तुला लिहिलं असतं का, मुलाखतीला कपडे घालून जा? ‘खरं ते सांग’ म्हणजे नाही म्हण, एवढंच मला म्हणायचं होतं. तुझ्याबाबतीत दुसरं काही खरं असू शकतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. काचेसारखी लागते का, हा विनोद होता रे. दुकान बंद करताना सुचला म्हणून लिहिला.

एप्रिलचं पत्र काढून परत वाचलं. प्रत्येक ओळीत ‘सौरभ म्हणतो’. डब्लिनहून आलेला माणूस बरगड्या मिळतात तिथे असं बोलेल का? ते तू बोलतोस. मी ते वाचून बाटल्या विकल्या. घशाला गुळण्या सांगितल्या. अम्मी तुला दारात उभी राहून ओळखत होती आणि मी लग्नाचे विनोद करत होतो.

आणि तुझ्या या पत्रात ‘पाणि’ असं आहे. णि ऱ्हस्व. पहिलीपासून तुझ्या वहीत मी असलं काही बघितलेलं नाही. ते बघून मला जेवण गेलं नाही.

ऐक. मॅडमना मी फोन केला. त्या म्हणाल्या, मुलगा आवडला होता, पुढच्या जूनमध्ये परत येईन, तेव्हा डॉक्टरचा दाखला लागेल, रक्त तपासतील. जागा एक तरी निघतेच. तुझ्याकडे वर्ष आहे. तो कप्पा सोड, ते दुकान सोड. हडपसरला कुठेही काम मिळेल, त्या ऑफिसांना रखवालदार लागतात. दुकानात राहून नाही सुटणार.

तू रागाव, शिव्या दे, पण लिही.

शहेजाद


हडपसर,
२२ ऑगस्ट २००४

शहेजाद यास जयभीम.

मी रागावलेलो नाही. तू विनोद केला होतास हे मला आता कळतं. तेव्हाही थोडं कळलं होतं. पण विचारलं तर काय, ही शंका एकदा आली की माझ्याने राहवत नाही.

दुकान सोडतो म्हणून शेठना सांगितलं. ते म्हणाले, “आत्ताच तर तू कामाला आलास. आधी माहिती सांगायचास, आता गिऱ्हाईकाच्या तोंडाला पाणी सुटतं. इंपोर्टेड दुप्पट जातंय.” पगार वाढवला. घरी सांगितल्यावर आईला पहिल्यांदा दुकानाबद्दल बरं वाटलं. मग सोडण्याचं बोलता आलं नाही.

सौरभ परत आयर्लंडला, लिमरिकला गेला, दोन वर्षांसाठी. फ्लॅट बंद झाला. बाकीचे आपापले. निघताना तो मला म्हणाला, “तुझ्याएवढी जीभ आमच्यात कुणाची नाही.” मला त्याचा राग येत नाही. तो महिन्यात चार वेळा पितो आणि सोमवारी ऑफिसला जातो. एकाच बाटलीतून घेऊन एकाला तसं होतं आणि एकाला असं, हे का, ते मला कोणी सांगत नाही.

तू भावांचं विचारत असायचास म्हणून लिहितो. आयरिश आता परवडत नाही. चपटी घेतो, दुसऱ्या दुकानातून, शेठना कळू नये म्हणून. तिला चव नाही. रॉकेलची आठवण येते. लेबलावर स्पेलिंगच्या तीन चुका आहेत. पहिल्या दिवशी सापडल्या होत्या. आता बघत नाही.

सकाळी दुकान उघडेपर्यंतचा वेळ कठीण जातो.

जूनपर्यंत सोडणार आहे.

समाधान


मस्कत,
१८ ऑक्टोबर २००४

समाधान,

आणखी दोन महिने तू काही लिहिलं नाहीस. अम्मी सांगते, तू दुकानात असतोस, बारीक झालायस, आणि तिला बघून आत जातोस.

अलफियाच्या लग्नाला मी येतोय. अम्मीला एकवीस डिसेंबर सांगितलंय. खरा येतोय वीसला. मुंबईला उतरून बसने दुपारी स्वारगेटला. तिथून घरी न जाता सरळ तुमच्याकडे. येरवड्याला दारू सोडवणारं केंद्र आहे, मी इथून फोन करून सगळं विचारलं. महिनाभर ठेवून घेतात, आणि घरचं माणूस बरोबर लागतं. हिरामावशी, तू आणि मी, तिघं त्याच संध्याकाळी जाऊ. मावशीला वीस तारीख सांगून ठेव. कशासाठी ते मी आल्यावर सांगेन, तुला तोंड उघडावं लागणार नाही. तिला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

लग्नाला तू नसलास तरी चालेल. अलफियाच म्हणाली. जानेवारीत बाहेर येशील, जूनला हातात पाच महिने राहतात. माझ्या खोलीतली दुसरी खाट मी अजून कुणाला दिलेली नाही.

येताना काय आणू? खजूर? मावशीला शाल?

शहेजाद


हडपसर,
२८ नोव्हेंबर २००४

शहेजाद यास समाधानचा जयभीम.

उत्तराला उशीर झाला. हे पत्र मी सकाळी लिहायला बसलो आहे आणि दोनदा कच्चं करून मग उतरवलं आहे, चुका नसाव्यात म्हणून.

तू एवढं सगळं ठरवलंस, त्याला मी नाही म्हणणार नाही. केंद्रात जाईन. मला तिथे जायचंच आहे. परवा आईने माझी मस्कतची म्हणून ठेवलेली पँट बाहेर काढली, कमरेत चार बोटं सैल झाली होती. ती शिवायला बसली आणि म्हणाली, “तिकडे जेवण चांगलं असतं का रे?” तेव्हा मी ठरवलं. खाटेचं लिहिलंस ते मी पुष्कळ वेळा वाचलं. ती कुणाला देऊ नकोस.

खजूर आण, आईला आवडतात. शाल नको, ती वापरायची नाही, पेटीत ठेवेल. माझ्यासाठी काही नको.

फक्त एक गोष्ट मी डॉक्टरला विचारून घेतली. ज्याला रोजची सवय आहे त्याने एकदम बंद केली तर झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. केंद्रात औषधं देतात, पण तिथे पोहोचेपर्यंत काय, याचा विचार आपणच करायला हवा. म्हणून वीसला लगेच न जाता दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेलं बरं. स्वारगेटला रात्रीपुरती खोली मिळते, मी चौकशी केली आहे. आणि तू विमानतळावरूनच येणार आहेस, कर नाही, तेव्हा एक लिटरची आणलीस तर ही चपटी तरी पोटात जाणार नाही. चांगली असली की कमी लागते. शेवटची म्हणून चांगली असावी. तू समोर असशील, तूच ओतून दे, म्हणजे प्रमाणात राहील. कुठली आणायची ते तुझ्यावर सोपवतो, तुला त्यातलं कळतं.

मी दुपारपासून स्वारगेटला उभा राहतो. एकटाच येतो. आईला मी तू एकवीसला येतोस असं सांगितलं आहे.

तुझा
समाधान